दुसऱ्या गिअरातला घाट

ज्या टेम्पोतून इंजिन घरी आलं, त्याच टेम्पोतून माझी मोटारसायकल गेली. भंगारवाल्याशी तसाच सौदा ठरला होता. टेम्पोवाल्याला परतीचंही भाडं मिळालं म्हणून तो खूश होता. या सगळ्या प्रकरणात शेवटपर्यंत खूश राहिलेला माणूस तेवढा एकच.

"ठेवायचं कुठं?" दस्तगीरनं विचारलं.

दस्तगीर मेस्त्री माझा दोस्त, वयानं बराच मोठा. उद्यमनगरात त्याचं गॅरेज होतं. गिऱ्हाईक आलं की तो आधी गाडी मेली असं सांगायचा आणि मग बॉनेट उघडायचा.

आबांनी अंगणातल्या खाटेवरून चमचा उचलला आणि शेजारच्या स्टीलच्या पेल्यावर मारला. टिंग. एकदाच.

"थांबा म्हणतायत," मी म्हणालो.

इंजिन उतरवणारे चौघं इंजिन हातात धरूनच थांबले. चौघांच्याही मानेच्या शिरा टरारल्या. आबांनी निवांत अंगण न्याहाळलं, खाटेच्या उजव्या बाजूला पडलेल्या जुन्या टायरकडं बोट केलं आणि मग पेला दोनदा वाजवला. टिंग टिंग.

"चला."

आबा, म्हणजे माझे वडील, एस. टी.त ड्रायव्हर होते. कंडक्टरनं एक घंटी मारली की थांबायचं, दोन मारल्या की सुटायचं. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्याच्या घंटीवर काढली. अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली आणि पहिल्यांदाच घंटी त्यांच्या स्वतःच्या हातात आली. पुढं दोन-चार महिन्यांनी वाचा परत आली. तोंड वाकडं झालं होतं, पण शिव्या सरळ येत होत्या. तरी चमचा काही त्यांनी सोडला नाही. आख्खं घर त्यावर चालायचं. आई भाजी वाढायला लागली की एक घंटी होईपर्यंत वाढतच राहायची.

आईनं पदराला हात पुसले आणि टायरवर बसलेल्या इंजिनाभोवती एक फेरी मारली.

"हे गाडीत घालायचं नव्हं? मग अंगणात का बसवलंय?"

"घालायचंच हाय की मामी," दस्तगीर म्हणाला. "पण हे पडलं मोठ्या गाडीचं. एस्टीमचं. आणि आपली झेन बारकी. म्हशीचं काळीज शेळीत घालायचंय."

"आणि शेळी जगंल?"

दस्तगीरनं प्रामाणिकपणे विचार केला. "पळंल. जगंल का न्हाई ते आत्ताच सांगता येत न्हाई."

*

आबांना एकच गोष्ट हवी होती. घाट चढायचा होता.

कोल्हापूरहून गगनबावड्याला जायचं, तिथनं घाट उतरून वैभववाडीला, आणि उलट वर यायचं. आमचं घर त्याच रस्त्यावर, फुलेवाडीत. केस काळे होते तेव्हापासून आबा हीच फेरी करत होते. शेवटच्या दिवशी ते बस घेऊन खाली गेले. वैभववाडीच्या स्टँडवर चहा घेताना कप डाव्या हातातून सुटला. कप का सुटला म्हणून ते हाताकडं बघायला लागले, तर हात त्यांचा राहिलाच नव्हता. बस दुसऱ्या ड्रायव्हरनं वर आणली. आबा तिच्या मागून आले, ॲम्ब्युलन्समधून.

"आडवा आणला मला," ते सांगायचे. प्रत्येक वाक्य त्यांना ढकलून चालू करावं लागायचं. "छताकडं बघत. एक वळण दिसलं न्हाई. पार्सल आणल्यागत."

"मग आता काय म्हणणं हाय तुमचं?" आई विचारायची.

"एकदा. बसून. माझ्या हातानं."

डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, आधी त्यांना स्वतःच्या शर्टाची बटणं लावू द्या, घाटाचं मग बघू. आबांना हा अपमान वाटला, कारण त्यांच्या शर्टाची बटणं पहिल्यापासून माझी आईच लावायची.

गिअर नसलेली गाडी भाड्यानं आणू, असं मी सुचवून बघितलं.

"गिअर न्हाई ती गाडी न्हवं. पाळणा. झोप लागंल."

मग म्हटलं, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो आणि गिअर तेवढे मी टाकतो.

"मग मी कशाला? हार घाल आणि बसीव मला स्टेअरिंगवर."

घोडं गिअरवर अडलं होतं. डाव्या पायात थोडी जान आली होती, क्लच एखाददुसऱ्या वेळी दाबता आला असता. उजव्या हाताला स्टेअरिंगवर पकड यावी म्हणून ट्रकवाले लावतात तसा गोळा लावता आला असता. पण डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा, कुणाचा तरी विसरल्यासारखा. आणि आमची झेन इतकी थकलेली, की घाटात तिला दर वळणाला गिअर बदलून समजूत घालावी लागायची.

तेव्हा मी एक हुशारी केली. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा मी पूर्ण केला होता, दोन विषय सोडून. त्यातला एक इंजिनांचा होता. तरी माझ्या डोक्यात आलं, की गाडीत एवढी ताकद घालायची की गिअर बदलायची गरजच पडू नये. पायथ्याला एकदा क्लच दाबायचा, उजवाच हात पलीकडं नेऊन दुसरा गिअर टाकायचा, आणि माथ्यापर्यंत दुसऱ्यातच खेचायची. पोरं वेगासाठी मोठं इंजिन घालतात. आम्ही एका हातासाठी घालणार होतो.

आबांना पटलं. पटलं म्हणजे, त्यांनी पेला दोनदा वाजवला.

आई काही बोलली नाही. तिचं माहेर कागलकडचं, गुऱ्हाळवालं. लहानपण ऑईल इंजिनाच्या आवाजात गेल्यामुळं ती मुळातच मोठ्यानं बोलायची. गप्प बसली की घर रिकामं वाटायचं.

*

श्रावणात दस्तगीरनं झेनचं जुनं इंजिन काढलं. पुढचं वजन गेल्यावर गाडीनं नाक वर केलं आणि तशीच राहिली, नको त्या घरात पाहुणी आल्यासारखी. जुनं इंजिन दस्तगीरनं कुणालातरी देऊन टाकलं. आता माझ्याकडं गाडी होती तिला इंजिन नव्हतं, इंजिन होतं त्याला गाडी नव्हती, आणि मी स्वतः पायी होतो.

शेजारच्या कदमांच्या कोंबडीनं इंजिनाच्या रिकाम्या जागेत अंडी घालायला सुरुवात केली. दस्तगीर माप घ्यायला वाकला की ती त्याला टोचायची.

"हिला म्हणावं, खाली कर," तो ओरडायचा. "दुसरा भाडेकरू यायचा हाय."

माप काही जमत नव्हतं. इंजिन आत बसवलं तर रेडिएटर बाहेर राहत होता. रेडिएटर आत घेतला तर बॉनेट लागत नव्हतं. एकदा तर सगळं आत बसलं, पण चाकाला फिरायला जागा उरली नाही. दर वेळी आम्ही साखळीला टांगून इंजिन परत बाहेर काढायचो, टायरवर ठेवायचो आणि चहा घ्यायचो. दस्तगीर ग्राइंडर घेऊन गाडीची आणखी एखादी पट्टी कापायचा.

"किती कापणार?" मी एकदा विचारलं.

"गाडी संपंपर्यंत."

आबांची तयारी मात्र जोरात होती. दुपारी जेवण झालं की आई त्यांच्या पोटावर पितळी परात ठेवायची. ती त्यांचं स्टेअरिंग. उजव्या हातानं परात फिरवत ते डोळे मिटून घाट चढायचे. मधेच उजवा अंगठा परातीवर दाबून हॉर्न द्यायचे. तोंडानंच. रस्त्यानं जाणारी माणसं बाजूला व्हायची.

जेवणाचाही एक प्रकार होता. आई ताट वाढायची, आबा जेवायला लागायचे, आणि थोड्या वेळानं आई पुढं होऊन ताट अर्धं फिरवून ठेवायची. आबा परत जेवायला लागायचे. मी हे रोज बघत होतो. मला वाटायचं, गुऱ्हाळवाल्यांची काहीतरी रीत असेल.

मग एक दिवस आबांनी आईच्या रांगोळीवर हक्क सांगितला.

"आज घाट काढ."

"मी कवा बघितलाय घाट?"

खरंच नव्हता बघितला. ज्या घाटात नवरा रोज जातो त्याचं तोंड बघायचं नाही, असं तिनं लग्न झाल्या झाल्या ठरवलं होतं. माझ्या मामेबहिणीचं लग्न कणकवलीला होतं, तेव्हा ती फोंड्यावरून लांबचा फेरा घालून गेली होती.

"मी सांगतो. तू काढ," आबा म्हणाले.

आईनं डबा घेतला आणि फाटकापाशी जाऊन बसली. मी आणि दस्तगीर गाडीला टेकून उभे राहिलो. आबांनी डोळे मिटले.

"सरळ. आता चढ. उजवं घे. मोठं हाय. जांभळीचं झाड. उजवं. पाण्याची टाकी. परत उजवं. हितं एकदा ट्रक आडवा झालता. उजवं."

आईच्या चिमटीतून पांढरी बारीक रेघ धार धरल्यासारखी पडत होती. ती मागं सरकत होती आणि रेघ पुढं. घाट फाटकापासून निघाला, जरा वर आला, वळला, अजून वळला, स्वतःलाच ओलांडून गेला आणि न्हाणीपाशी येऊन गोल फिरायला लागला.

"मामा," दस्तगीर म्हणाला, "हा घाट हाय का जिलेबी?"

मी हसलो. दस्तगीर हसला. आई हसली नाही. चिमूट तशीच धरून तिनं विचारलं, "डावीकडं एकबी वळण न्हवतं का वो?"

आबांनी डोळे उघडले. मान तिरकी करून त्यांनी ती रांगोळी बघितली. बराच वेळ बघितली. सोडवता न येणारं गणित फळ्यावर बघावं तसं.

टिंग.

दुसऱ्या दिवसापासून आईनं आपली नेहमीची कमळं काढायला सुरुवात केली. परात परत स्वयंपाकघरात गेली.

"विसराय लागलेत," मी दस्तगीरला हळूच म्हणालो.

दस्तगीरनं मग एक प्रयत्न केला. खाटेशेजारी उकिडवा बसून तो म्हणाला, "मामा, एक सांगू? हे इंजिन बसत न्हाई. बसलं तर चालत न्हाई. चाललं तर पासिंग हुईत न्हाई. तुम्ही म्हणाला तर थांबवू. कुणी नावं ठेवणार न्हाई."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. पेल्याला हात लावला नाही.

"दस्तगीर, बोर्ड लागलाय गाडीला. माणसं बसल्यात. फेरी ड्रायव्हर रद्द करत न्हाई." दम घेऊन त्यांनी पुढचं वाक्य ढकललं. "गाडी बिघडली, तरच फेरी रद्द."

"आणि बिघडली न्हाई तर?"

"तर जायाचं."

आई चुलीपाशी बसून हे ऐकत होती. तिनं भाकरी उलटली.

*

दसऱ्याचा मुहूर्त ठरला. इंजिन गाडीत घालायच्या आधी जमिनीवरच चालू करून बघायचं, चाललं की गाडीत बसवायचं, आणि दिवाळीच्या आत घाट. दस्तगीरनं प्लग काढले, चारी भोकांतून आत तेल सोडलं, म्हणजे आतला गंज सुटावा, आणि भोकांवर चिंध्या कोंबल्या.

"ह्या चिंध्यांना हात लावायचा न्हाई," त्यानं आईला बजावलं. "उघडं इंजिन म्हंजे उघडी जखम."

"बरं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी कोल्हापुरात माणसाला सुट्टी असते आणि हत्यारांची पूजा. उद्यमनगरात लेथला हार, ड्रिलला कुंकू, वजनकाट्यापुढं नारळ. दस्तगीरच्या गॅरेजात तर तो दरवर्षी पान्यांची अशी आरास करायचा, की गिऱ्हाइकं फोटो काढायची. मी तिकडं मदतीला गेलो. पेढे खाऊन आम्ही दोघं संध्याकाळी घरी आलो आणि फाटकातच थांबलो.

इंजिन ओळखू येत नव्हतं. आईनं ते घासून पुसून लख्ख केलं होतं. हळदीकुंकवाची बोटं, झेंडूचा हार, पुढं लिंबू, टायरभोवती कमळांची रांगोळी, वरच्या झाकणावर रांगोळीचंच स्वस्तिक. आणि चारी भोकांत एकेक उदबत्ती. धूर वर चालला होता. आयुष्यात त्या इंजिनातून निघालेला तो सगळ्यात सुगंधी धूर.

दस्तगीरच्या तोंडातला पेढा तसाच राहिला.

"मामी. चिंध्या?"

"देवाला कोण चिंध्या नेसवतंय?"

"अवो पण बजावलं हुतं तुम्हाला!"

"आज खंडेनवमी हाय. हत्यार न्हवं का हे? तुझ्या पान्यांना हार, आणि ह्यानं काय पाप केलंय?"

दस्तगीर उदबत्त्या काढायला पुढं झाला तशी आई आडवी आली. "पुजलेलं हत्यार दसऱ्यापतुर हलवायचं न्हाई. तुझ्या गॅरेजात हलीवतोस?"

नव्हता हलवत. त्यानं हात मागं घेतला. आबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून झोपले होते.

दसऱ्याला सकाळी गल्ली जमली. आपट्याची पानं हातात घेऊन माणसं सोनं द्यायला आली आणि इंजिन बघून तिथंच थांबली. कदम सहकुटुंब आले, कोंबडी आधीपासून होतीच. आबांनी खाकी शर्ट मागितला. आईनं बटणं लावली, बिल्ला लावला. बऱ्याच दिवसांनी ते ताठ बसले होते, पाठीला दोन उशा लावून.

दस्तगीरनं उदबत्तीच्या काड्या उपटल्या, बॅटरी लावून आत डोकावलं. "तेल दिसतंय. राख दिसतीया. राखेनं काय हुईत न्हाई," असं स्वतःशीच म्हणत त्यानं सायकलच्या पंपानं हवा मारली आणि प्लग बसवले. टेम्पोची बॅटरी जोडली. पेट्रोलची बाटली टांगायला काही मिळेना म्हणून आबांचा सलाईनचा स्टँड आणला. उलटी बाटली, बारीक नळी, खाली इंजिन. कदमकाकू हळूच म्हणाल्या, "किती दिवसांचा कोर्स हाय?"

मी आबांकडं बघितलं. त्यांनी आईकडं बघितलं. मग चमचा उचलला.

टिंग टिंग.

आणि इंजिन चालू झालं.

खरंच झालं. पहिल्या झटक्यात. जमीन थरथरली, कोंबडी अंडी सोडून कौलावर गेली, गल्लीनं टाळ्या वाजवल्या. दस्तगीरचं तोंड उघडं पडलं, कारण त्याच्या धंद्यात असं होत नाही. आबांचा उजवा हात चादरीवर मूठ वळून बसला होता. मला वाटलं, झालं. पुढच्या आठवड्यात घाट.

मग आवाज बदलला. आधी बारीक, गिरणीत धान्य संपल्यावर नुसते दगड एकमेकांवर घासावेत तसा. मग जाड. मग इंजिन एकदा किंचाळलं, टायरवर अर्धा वेढा फिरलं आणि जागच्या जागी जाम झालं. सलाईनच्या बाटलीतून एक बुडबुडा वर गेला.

दस्तगीरनं बॅटरीची वायर ओढून काढली.

टिंग.

"फेरी रद्द," आबा म्हणाले.

दस्तगीरनं त्याच दुपारी इंजिनाचं हेड उघडलं. आत राखाडी रंगाचा गारा होता. त्यानं बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला. "रांगोळी. दगडाची भुकटी आणि तेल. व्हॉल्व घासायला मी असलीच पेस्ट वापरतोय, डबीतली." त्यानं पहिल्या सिलेंडरात बघितलं, दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात. "चारीतबी हाय," तो म्हणाला, आणि आईकडं बघितलं. मग तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ हातच धूत राहिला.

"पूजेच्या नादात सांडली असंल," आई म्हणाली.

मी तिला काय काय बोललो ते आता आठवत नाही. म्हणजे आठवतं. ती ऐकत होती आणि भांडी घासत होती. ज्या आबांनी मीठ कमी पडलं म्हणून पेला भिरकावला होता, त्यांनी आख्खं इंजिन गेलं तरी साधी एक शिवी दिली नाही. मला वाटलं, आतून मोडले.

फाल्गुनात आबांना दुसरा झटका आला. झोपेतच गेले. आडवेच.

*

झेन भंगारात गेली. कोंबडी तिच्या मागं फाटकापर्यंत गेली. दस्तगीर पुण्याला गेला. मी उरलेले दोन विषय सोडवले आणि आता एका शोरूममध्ये गाड्या विकतो. गिअर नसलेल्याच जास्त जातात. लोकांना पाळणा आवडतो.

इंजिन मात्र कुणी नेलं नाही. टायर मातीत मुरला, त्यावर इंजिन तसंच बसलंय. आई दर खंडेनवमीला त्याची पूजा करते. गेल्या वर्षीही करत होती. आता तिला वाकवत नाही, म्हणून मी पाणी घालत होतो आणि ती स्टुलावर बसून पुसत होती.

"उदबत्ती कुठं लावू? भोकात?" मी म्हणालो. एवढी वर्षं गेल्यावर त्याचा विनोद झाला होता.

"लाव की. तेवढ्यासाठीच हाय ते आता." तिनं फडकं पिळलं. "मुद्दाम घातली हुती रं."

"काय?"

"रांगोळी."

भाजीत गूळ घातला होता, असं सांगावं तितक्याच सुरात. मी तांब्या खाली ठेवला.

"माझ्या बाच्या गुऱ्हाळाचं इंजान भावकीनं मूठभर वाळू घालून बंद पाडलं हुतं. मी धा वर्साची असंन. बा रडला हुता. त्यामुळं मला ठावं हुतं काय हुतंय ते."

"पण का?"

"तुला ताट दिसत न्हवतं का रं?" ती म्हणाली. "रोज फिरवत हुते की तुझ्यासमोर. डावीकडची भाकरी दिसायची न्हाई त्यांना. आंधळं न्हवतं, डोळा धड हुता. डावीकडं जगच न्हवतं त्यांच्या लेखी. हात गेला तसं तिकडचं सगळंच गेलं. घाट काढाय लावला तर निम्मा घाट सांगितला. आणि त्या घाटात निम्म्या ठिकाणी दरी डावीकडं, असं म्हणत्यात."

इंजिन आबांच्या खाटेच्या उजव्या बाजूला बसवलेलं होतं. आबांनीच निवडलेली जागा.

"तीस वर्सं त्या घाटानं माणूस रोज सांजंला परत दिला," आई म्हणाली. "एक दिस जास्तीचा मागाय नको वाटलं."

रस्त्यानं गगनबावड्याची एस. टी. गेली.

"आबांना कळलं असतं तर?" मी विचारलं.

"ह्ये झोपलेत असं वाटलं म्हणून तर घेतलं कराय. चिंध्या काढल्या. पहिल्यात घातली. दुसऱ्यात घातली. तिसऱ्यात घातली." तिनं चिमूट धरून दाखवली. अजून तशीच बारीक धार पडली असती. "आणि चौथ्यापाशी थांबले. म्हटलं, एवढं एकच मागितलंय ह्यांनी जल्मात, आणि हे काय चाललंय आपलं. चिमूट तशीच धरून उभी. घालवना, टाकवना. आणि मागनं आवाज आला."

"काय म्हणाले?"

आईनं पूजेच्या ताटातली पळी उचलली, मी खाली ठेवलेल्या तांब्याकडं हात लांबवला, आणि त्यावर हळूच वाजवली.

टिंग टिंग.